शांत किनारा शोधायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता, म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

यंदाच्या उन्हाळी सुट्टीत आम्हाला खरी विश्रांती मिळाली, ती तुमच्यामुळे. आईला लाटांची धास्ती, धाकटीला पाण्याचं वेड आणि आम्हा दोघांना गर्दी नकोशी. हे सगळं ऐकून दुसऱ्या कुणी दहा नावं सांगितली असती. तुम्ही नकाशा पसरलात आणि म्हणालात, "किनारा शांत का राहिला, ते आधी बघ. कारण सापडलं की जागा आपोआप सापडते."

मग एकेक कारण उलगडत गेलात. क्रोएशियाचं व्हिस बेट तेव्हाच्या युगोस्लाव्हियाच्या लष्कराचा तळ होतं. १९८९ पर्यंत परदेशी पाहुण्यांना तिथे बंदी होती, त्यामुळे शेजारच्या बेटांवर हॉटेलं उभी राहिली तरी हे तसंच राहिलं. स्पेनमधल्या सिएस बेटांवर मोटारी नाहीत आणि रोज किती माणसं उतरणार याला मर्यादा आहे. लिथुआनिया आणि रशियात विभागलेला कुरोनियन स्पिट हा जवळजवळ ९८ किलोमीटर लांबीचा वाळूचा दांडा. तिथे बाल्टिकचं पाणी गारच, म्हणून उकाड्यात ऊन खायला धावणारे लोक फारसे तिकडे वळत नाहीत. बोटीवर इतकी वर्षं काढलेला माणूस किनाऱ्याकडे समुद्राच्या बाजूनं बघतो, हे मला त्या दुपारी कळलं.

आम्ही निवडलं पोर्तुगालच्या नैऋत्य किनाऱ्यावरचं ओदेसेश. अल्गार्व या तिथल्या दक्षिणेकडच्या प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यावर पाणी जरा ऊबदार, म्हणून सगळी वर्दळ तिकडे. पश्चिमेकडे उन्हाळ्यात उत्तरेचा वारा वाहतो, वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतो आणि त्याच्या जागी खोलातलं थंड पाणी वर येतं. तुम्ही हे सांगितलं होतं, तरी पहिल्या बुडीला धाकटी किंचाळलीच! शिवाय हा सगळा पट्टा संरक्षित निसर्ग उद्यानात येतो, त्यामुळे कड्यांवर इमारतींची रांग नाही. कडे, वाळू, पाणी आणि वर घरटी करणारे करकोचे.

पण तुमची खरी करामत नदी. सेश नदी तिथे पुळणीला वळसा घालून समुद्राला मिळते. वाळूच्या एका अंगाला अटलांटिकच्या लाटा, दुसऱ्या अंगाला संथ, उथळ नदी. ओहोटीला आई त्या उथळ पाण्यात निर्धास्त बसायची आणि आम्ही आळीपाळीनं लाटांकडे जायचो. आईला मी समुद्राजवळ इतकी मोकळी कधीच पाहिली नव्हती, काका. त्यासाठी तुमचे कितीही आभार मानले तरी कमीच.

तुम्ही बजावलेलं सगळं पाळलं. शांत किनाऱ्यावर हाक मारली तर ऐकायलाही कुणी नसतं, म्हणून जीवरक्षक असतील त्याच वेळेत आणि त्याच भागात पोहायचं. लाल बावटा असेल तर पाण्यात पाय नाही. पाणी आत ओढायला लागलं तर किनाऱ्याकडे झगडत यायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडायचं. ओहोटी जोरात असताना नदीच्या मुखापासून लांब राहायचं, कारण तिथलं पाणी बाहेर खेचतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, तेव्हा कड्याखालच्या वाळूवर फिरायला गेलो तर परतीची वेळ आधी ठरवून ठेवायची. भरती-ओहोटीचं वेळापत्रक कसं वाचायचं ते तुम्ही धाकटीला शिकवलंत. तिथे ती रोज सकाळी आम्हाला ते वाचून दाखवायची आणि तिचं ऐकल्याशिवाय कुणी हलायचं नाही.

तारखांचंही तुमचंच खरं. ऑगस्टमध्ये तिकडच्या लोकांचीच सुट्टी असते आणि निवांत जागाही भरून जातात. आम्ही जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गेलो. संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावं लागे, एवढंच.

पुढच्या वर्षी कुरोनियन स्पिटवरच्या निदा गावाचा विचार आहे. आई म्हणते, या वेळी काकांनाच बरोबर घेऊन जाऊ. ती हे मनापासून म्हणते आहे आणि आम्हीही. रविवारी नकाशा घेऊन येतो, तोवर काकूंशी बोलून ठेवा.

तुमची,
शेजारची लेक