शब्द पाठ, पण वाक्य अडतं

संपादक महोदय,

चिनी विद्यार्थी हजारो इंग्रजी शब्द पाठ करतात, आपल्या मुलांनीही तसंच करावं, असा सल्ला हल्ली वारंवार कानावर येतो. चीनमधल्या चेंगडू शहरातल्या एका महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवलं आहे, म्हणून कळकळीनं लिहिते.

तिथल्या पदवीच्या मुलांसमोर 'सीईटी-४' ही इंग्रजीची परीक्षा असते (आपल्याकडच्या सीईटीशी तिचा संबंध नाही). १९८७ पासून ती चालू आहे. एकूण गुण ७१०, त्यातले ३५ टक्के वाचन-आकलनाला आणि त्यासाठी वेळ फक्त ४० मिनिटं. सकाळी मैदानाच्या कडेला उभं राहून मुलं शब्दांच्या याद्या मोठ्यानं घोकतात. मेहनतीत कुठेच कमी नाहीत. पण उताऱ्यात लांबलचक वाक्य आलं की तीच मुलं अडतात. चिनीत नामाचं वर्णन नामाच्या आधी येतं, आपल्या 'काल बाजारात भेटलेला माणूस'सारखं. इंग्रजीत असं वर्णन बहुतेकदा नामाच्या मागून येतं आणि मुख्य क्रियापद लांब जाऊन पडतं. शब्द सगळे ओळखीचे, तरी कोणी काय केलं ते हाती लागत नाही.

माझ्या वर्गात फरक पडला तो सोप्या गोष्टींच्या पुस्तकांनी. पानावर दोन-तीनच अनोळखी शब्द, कोश मिटलेला, अर्थ संदर्भावरून लावायचा. कधी तोंड न उघडणारी मुलं पुढचं पुस्तक मागायला यायची.

आपल्या तालुक्यांच्या वाचनालयांतही पातळीनुसार लावलेली अशी इंग्रजी पुस्तकं हवीत. यादी पाठ करायला सांगण्याआधी मुलांच्या हातात ती द्यावीत, ही विनंती.

– एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा