काकूंच्या ऑपरेशनबद्दल सुध्याला

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय सुध्या,
सप्रेम नमस्कार.

काकूंचे रिपोर्ट पाहिले. गाठ ४ सेंटिमीटरच्या आतली आहे, म्हणून अख्खी किडनी न काढता तेवढाच भाग काढणार, हे उत्तम. तू विचारतोस, उरलेली किडनी चालेल की नाही हे टेबलावरच का कळत नाही? थिएटरात इतकी वर्षं टेक्निशियन म्हणून उभा आहे, पण याचं उत्तर एका ओळीचं नाही.

कापताना रक्त वाहू नये म्हणून किडनीच्या धमनीला क्लॅम्प, म्हणजे चिमटा, लावतात. तिथून घड्याळ सुरू! २५-३० मिनिटांच्या आत तो सोडायची धडपड असते. सुटला की निस्तेज पडलेली किडनी गुलाबी होते आणि सर्जनचे खांदे सैल होतात. पण रंग म्हणजे मोजमाप नव्हे. किडनी रक्तातून गाळते त्या टाकाऊ पदार्थाचं, क्रिएटिनिनचं, मोजमापही फसवतं, दुसरी किडनी चांगली असली तर ती भार उचलते नि आकडा नॉर्मलच दिसतो.

रक्त कुठे पोचलं ते पाहायला काही ठिकाणी आता आयसीजी (इंडोसायनिन ग्रीन) वापरतात. शिरेतून हिरवं औषध द्यायचं. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात रक्त पोचलेला भाग उजळतो, न पोचलेला काळा राहतो. ते यकृतातून बाहेर पडतं, किडनीला त्रास नाही. मात्र त्यात आयोडीन असतं. काकूंना ॲलर्जी असेल तर आधीच सांग.

तरी रक्त पोचलं म्हणजे पेशी कामाला लागल्या असं नाही, आणि मला खरं कुतूहल इथेच आहे. ऑक्सिजन तुटला की पेशींत एनएडीएच, म्हणजे ऊर्जा बनवताना लागणारं एक रसायन, साचतं. अतिनील प्रकाशात ते निळसर चमकतं. रक्त परतल्यावर ती चमक किती झपाट्याने उतरते, यावरून किडनी कितपत सावरेल याचा अंदाज बांधायचा! उंदरांवर असे प्रयोग झालेत. पण यासाठी सर्जनच्या मागे लागू नकोस. निरोगी भाग किती वाचला आणि मुळात किडनी कशी होती, यावरच बरंचसं ठरतं.

त्यापेक्षा ऑपरेशनआधी डीटीपीए स्कॅन, म्हणजे किडनीचं काम मोजणारी तपासणी, करून घे. प्रत्येक किडनीचा वाटा वेगळा कळतो. काही महिन्यांनी पुन्हा करशील तेव्हा ताडून पाहायला आधीचा आकडा हवा ना? दोन्ही एकाच सेंटरला कर.

मालेगावहून येताना नाशिकच्या द्वारका चौकातच उतरा, मी गाडी घेऊन येतो. काकांना जिना नको, खालची खोली रिकामी केली आहे.

तुझा,
दिल्या