स्मृतिनाण्याच्या बातमीत संख्या आणि धातू द्यावा

महोदय,

जन्मशताब्दी किंवा मोठी क्रीडास्पर्धा आली की स्मृतिनाणे निघते, त्याचे छायाचित्र छापून येते आणि सोबत ‘दुर्मीळ’ हा शब्द हमखास असतो. नाणी किती पाडली आणि कोणत्या धातूची, हे मात्र बातमीत क्वचितच सापडते. संग्राहक आधी विचारतात ते नेमके हेच.

ब्रिटनचे १९६५ चे चर्चिल यांचे क्राउन (पाच शिलिंगचे मोठे नाणे) तांबे-निकेलचे आणि एक कोटी नव्वद लाखांहून अधिक पाडलेले. लोकांनी ते आठवण म्हणून जपून ठेवले, त्यामुळे आजही हवे तेवढे मिळते आणि भाव चढत नाही. उलट २००९ चे लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानाचे ५० पेन्सचे नाणे २ लाख १० हजारच निघाले, थेट चलनात गेले आणि हातोहात झिजले. संग्राहक आज त्याच्या मागे आहेत. तेच चित्र २०१९ मध्ये पुन्हा वापरले गेले, म्हणून साल वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत. ‘जास्तीत जास्त इतकी नाणी’ अशी जाहीर मर्यादा आणि प्रत्यक्षात खपलेली संख्या यांतही फरक असतो. अमेरिकेचा कोलंबसचा अर्धा डॉलर (१८९२-९३) शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात दर्शनी किमतीच्या (नाण्यावर लिहिलेल्या किमतीच्या) दुप्पट दराने विकायला ठेवला होता. न खपलेल्यांपैकी बरीच नाणी शेवटी दर्शनी किमतीलाच चलनात सोडावी लागली.

स्मरणिका म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक चकत्या तर नाणीच नसतात. देशाचे नाव आणि दर्शनी किंमत नसेल तर ते बहुधा पदक समजावे. सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की मोडीत त्याचे काही मिळत नाही. प्रमाणपत्रावरचा अनुक्रमांक भाव वाढवत नाही. टाकसाळीच्या प्रूफ संचाची (संग्राहकांसाठी खास चकाकी देऊन पाडलेल्या नाण्यांच्या संचाची) मूळ पेटी मात्र टाकू नये, ती नसेल तर गिऱ्हाईक पैसे कापते.

चांदीची शंका असेल तर चुंबक लावून पाहावे. नाणे ओढले गेले तर चांदी नाही. ओढले गेले नाही म्हणून चांदीच आहे असेही नाही, कारण तांबे-निकेलही चिकटत नाही. खात्रीसाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. आधी कोरडे नाणे तोलावे. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करावा आणि नाणे दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवावे, तळाला टेकू देऊ नये. कोरड्या वजनाला या नव्या आकड्याने भागले की घनता मिळते. २८.२८ ग्रॅमचे नाणे ९२५ कसाच्या चांदीचे असेल तर पाण्यात सुमारे २.७३ दिसते, तांबे-निकेलचे असेल तर सुमारे ३.१७. नंतर नाणे मऊ कापडाने टिपावे, पुसू नये. कॅप्सूलमधल्या प्रूफ नाण्यावर हा प्रयोग मुळीच करू नये.

सर्वांत जास्त नुकसान घरीच होते. चिंच, टूथपेस्ट किंवा पितांबरी लावून चकचकीत केलेल्या नाण्यावर भिंगाखाली बारीक ओरखडे दिसतात आणि जाणता संग्राहक ते बाजूला ठेवतो. चांदीवर आपोआप चढलेली काळपट छटा दोष नव्हे. प्रूफच्या आरशासारख्या पृष्ठभागावर बोट लागले तर ठसा कायमचा उमटू शकतो, म्हणून नाणे कडेनेच धरावे. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात काही वर्षांनी हिरवट चिकट थर येतो. तो अगदी नवा असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये काचेच्या भांड्यात, न घासता, हवेशीर जागी आणि आगीपासून दूर बुडवून निघतो. नेलपॉलिश काढायचे द्रावण चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. थराने एकदा धातू खाल्ला की मागे उरलेला खड्डा काही केल्या भरत नाही.

– एक नाणेसंग्राहक वाचक