बर्फाचा आखाडा

प्लास्टर रॉक, न्यू ब्रन्सविक, कॅनडा
फेब्रुवारी २०१८

तीर्थरूप आप्पांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही तीनदा विचारलंत, "तळ्यात हॉकी? आणि बुडत नाहीत?" मी तीनदा ओरडून सांगितलं, पण तुमच्यापर्यंत काही पोचलं नाही. कानाचं मशीन लावत जा असं मी म्हणणार नाही, आईचं म्हणून झालंय. म्हणून लिहायला बसलो. हे पत्र तुम्ही तालमीच्या कट्ट्यावर वाचून दाखवणार हे ठाऊक आहे, तेव्हा अक्षर जरा बरं काढतोय.

आधी गाव सांगतो. वस्ती हजाराच्या आसपास, म्हणजे आपल्या वरच्या आळीएवढी. शेजारून टोबीक नदी जाते. नदीकाठी जिप्समचे खडक आहेत, त्यावरून गावाला हे नाव पडलं. गणपतीच्या मूर्तीचं जे प्लास्टर असतं, ते याच दगडाचं. चहूबाजूंनी जंगल, लाकूड कापायची गिरणी, आणि गावात शिरताना एका रानभाजीचा भलामोठा लाकडी पुतळा! नेच्याचे कोवळे कोंब, व्हायोलिनच्या डोक्यासारखे गुंडाळलेले. वसंतात ते खुडून उकडून खातात. आपण टाकळ्याचा पुतळा कधी उभारला नाही, हे मला इथं आल्यावर जाणवलं.

मी राहतो त्या घराचे मालक म्हातारबा जन्मभर लाकडाच्या कामात होते. तुमच्याच वयाचे, आणि स्वभावानंही तुमच्याच वळणाचे. आधी काम सांगतात, मग जेवलास का विचारतात. पुढची हकीकत बरीचशी त्यांच्या तोंडची.

इथं हॉकी म्हणजे ध्यानचंदांची हॉकी नव्हे. पायात पात्याचे बूट, हातात लांब वाकडी काठी, आणि चेंडूऐवजी घट्ट रबराची चकती. तिला पक म्हणतात. तीन इंच रुंद, एक इंच जाड, वजन साधारण १७० ग्रॅम. नडगीवर बसली की कळते. आता हा खेळ छताखाली, यंत्रानं गोठवलेल्या बर्फावर होतो. हॉल बांधून, नियम घालून खेळायला सुरुवात झाली ती माँट्रियलला, १८७५ च्या मार्चमध्ये. त्याआधी लोक गोठलेल्या तळ्यांवर नि नद्यांवरच खेळत, आणि अजूनही खेड्यातलं पोर पहिल्यांदा तळ्यावरच पडतं. आपल्याकडे पोर पोहायला विहिरीत शिकतं, तसंच.

प्लास्टर रॉकलाही छताखालचं मैदान होतं, पण जुनं झालेलं. नवीन बांधायचं तर पैसा हवा, आणि हजार माणसांकडून वर्गणी मागून मागून किती मागणार? तरणी पोरं कामासाठी पश्चिमेला, आल्बर्टाकडे निघून जातात. तालमीच्या वेळी तुम्ही उसाच्या बिलातून कापून घेतलंत, इथं ऊसही नाही. मग गावातल्याच डॅनी ब्रॉन आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी ठरवलं, आपल्याकडे जे फुकट आहे तेच विकू. फुकट काय होतं, तर थंडी आणि एक तळं. तळ्याचं नाव रोल्स्टन लेक. २००२ साली पहिली स्पर्धा भरवली. चाळीस संघ आले, बहुतेक आसपासच्या प्रांतांतले आणि सरहद्दीपलीकडच्या, अमेरिकेतल्या मेन राज्यातले. पुढं बोलबाला होत गेला आणि आकडा १२० संघांवर जाऊन थांबला. त्याहून जास्त तळ्यावर मावत नाहीत, गावातही मावत नाहीत. अमेरिकेतून येतात, युरोपातून येतात. केमन बेटांवरूनही संघ आलेला आहे, जिथं नारळाची झाडं आहेत आणि थंडी औषधालाही नाही. म्हातारबा म्हणाले, "तिथं बँकेत नोकरीला गेलेली आमचीच पोरं असणार ती, घरी यायला निमित्त हवं होतं."

स्पर्धेचं नाव काय, तर तळ्यावरच्या हॉकीचं जागतिक अजिंक्यपद. हसू नका. आपल्या तालुक्याच्या मैदानाच्या पत्रिकेवर "अखिल भारतीय" छापलं होतंत, तेव्हा मी काही बोललो नव्हतो.

आता बुडण्याचं. आपल्या भाषेत आभाळातून पडतो तोही बर्फ आणि पाण्याचा होतो तोही बर्फ. इथं ही गल्लत करून चालत नाही. पडतो त्याला मी हिम म्हणतो. हिम म्हणजे गोधडी. तळ्यावर पडून राहिलं तर खालचं पाणी उबेत राहतं आणि बर्फ जाड धरत नाही. म्हणून हिम आधी लोटून काढायचं, म्हणजे थंडी थेट बर्फाला लागते. जानेवारीत म्हातारबांनी मला पहाटे उठवून तळ्यावर नेलं. हातात ही एवढी मोठी गिरमिट, तुमच्या सुताराकडच्या गिरमिटाची आजी शोभेल. भोक पाडलं, खालून काळं पाणी बुडबुडत वर आलं. मग टोकाला आकडा असलेली पट्टी आत सोडून बर्फाच्या खालच्या कडेला अडकवली आणि जाडी वाचली. घोळक्यानं खेळायचं तर किमान २० सेंटिमीटर लागतो, बर्फावरची मोटारसायकल न्यायची तर २५. पण नुसत्या जाडीवर भरवसा नाही. निळसर, आरपार दिसणारा बर्फ पक्का. दुधासारखा पांढरा असला तर त्याची ताकद निम्मी. करडा दिसला की आल्या पावली परत फिरायचं. म्हातारबा गुडघ्यावर बसले, हातमोज्यानं भुरा पुसला, आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. आप्पा, तुम्ही आखाड्यातली माती मुठीत दाबून सोडता ना, ढेकूळ कसं फुटतं ते बघायला, तसंच.

एवढ्यात तळं ओरडलं. खरंच. एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत लांब हुंकार गेला, कुणी पखवाजाच्या पुडीवर अंगठा ओढावा तसा. मी काठाकडे पळत सुटलो. म्हातारबा जागचे हलले नाहीत. थंडी वाढली की बर्फ ताणतो, बारीक तडे जातात, त्याचा तो आवाज. "ओरडतंय म्हणजे घट्ट होतंय," म्हणाले, "गप्प झालं की मला सांग."

मग रात्रीचं काम. बर्फाला भोक पाडून तळ्याचंच पाणी पंपानं वर ओढायचं आणि पातळ सोडायचं. अंगण सारवावं तसा एकेक हात द्यायचा. एक थर धरला की दुसरा. घाई करून जाड थर सोडला तर वरून गोठतो, आत पाणी अडकतं आणि पाय घुसतो. एका रात्री उणे वीसच्या आसपास होतं. पाइप माझ्या हातात होता, हातमोज्यावर उडालेलं पाणी तिथंच कडक झालं आणि बोटं मिटेनात. घरी येऊन ते हातमोजे मी टेबलावर उभे करून ठेवले होते.

असे वीस आखाडे. बाजूला लोटलेल्या हिमाचे बांध हीच त्यांची भिंत. काठावरच्या उंचवट्यावरून बघितलं की भाजीचे वाफे वाटतात. चार-चार गडी. गोलकीपर नाही. गोल म्हणजे जाळी नव्हे, बुटकी लाकडी पेटी, त्यामुळं चकती हवेत उचलून हाणण्यात अर्थ नाही, घसटतच न्यावी लागते. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव. अंगावर धावून जायचं नाही. त्यामुळं विशीतल्या पैलवानासमोर पन्नाशीतला मास्तर उभा राहतो, आणि मास्तर दमछाक न होता हलकेच चकती काढून नेतो. चकती बांधात घुसली की सगळा खेळ थांबतो, आठही जण गुडघ्यावर बसून उकरायला लागतात. सगळ्याच सापडत नाहीत. एप्रिलमध्ये हिम वितळलं की काठाला काळ्या चकत्या उगवतात म्हणे, कुत्र्याच्या छत्रीसारख्या.

आणि यासाठी बक्षीस काय? स्टॅन्ली कप म्हणून इथल्या हॉकीचा मानाचा चांदीचा चषक आहे, आपल्याकडच्या गदेसारखा. त्याची नक्कल, तीही लाकडाची. एवढ्यासाठी माणसं विमानं बदलत येतात.

गावात एवढ्या लोकांना पुरतील अशी हॉटेलं नाहीत. लोक आपापल्या घरात पाहुणे घेतात. आमच्याकडे चौघे उतरले होते, अमेरिकेतले. माझी खोली त्यांना दिली, मी स्वयंपाकघराशेजारी आडवा. म्हातारबांच्या बायकोनं चार दिवस शेगडी थंड होऊ दिली नाही. न्हाणीघरात, जिन्यात, खुर्च्यांच्या पाठीवर नुसते ओले मोजे वाळत होते. यात्रेला आपल्या सोप्यात मल्लांची वळकटी पडायची आणि आई म्हणायची, घर आहे का धर्मशाळा. ही बाईसुद्धा तेच म्हणत असणार, इंग्रजीत मला नीट कळलं नाही, पण चेहरा तोच होता.

मला पात्यांवर उभं राहता येत नाही, म्हणून गुण लिहायला बसवलं. बांधाजवळ खुर्ची, हातात पाटी. दुसऱ्याच सामन्यात घोटाळा केला. एका संघाचे सदरे लाल, दुसऱ्याचे किरमिजी, त्यात टोप्यांनी निम्मी तोंडं झाकलेली. एक गोल भलत्याच्या नावावर चढवला. कुणी आरडाओरडा करील म्हणून मी मान खाली घातली, तर ज्यांना तो फुकटचा गोल मिळाला होता त्यांच्यातलाच एक दाढीवाला घसरत आला. दाढीला बर्फ लोंबतोय. म्हणाला, "तो त्यांचा आहे." पाटी दुरुस्त करून घेतली आणि गेला. ते एका गोलानंच हरले. संध्याकाळी तंबूत मला त्यानं पेला भरून दिला. चहाच होता, आप्पा.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. नवीन इमारत कधीच झाली. टोबीक प्लेक्स नाव आहे, छत आहे, आत यंत्रानं केलेला बर्फ आहे, काचेसारखा. म्हणजे ज्यासाठी स्पर्धा सुरू केली ते काम झालं. मी म्हातारबांना विचारलं, मग आता त्यातच का नाही भरवत? वारा नाही, मापं नकोत, रात्री पाणी सोडायला नको. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना आईला वृद्धाश्रमात ठेवा म्हटलं. म्हणाले, "इमारत पोरांना रोज खेळायला. हे वेगळं." आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गिरमिट घेऊन मापायला.

मला आपली तालीम आठवली. मॅटचा हॉल झाला, पोरं राज्याला खेळायला जायला लागली, चांगलंच झालं. पण आखाड्यावर फरशी घातली त्या दिवसापासून दोन वर्षं तुम्ही तिकडं फिरकला नव्हता. मी तेव्हा मॅटच्या बाजूनं भांडलो होतो, आणि मॅटबद्दल अजून माझं तेच मत आहे. फरशीबद्दल नाही. हॉलच्या मागं जुन्या पिंपरणीखाली जागा मोकळी आहे. हळद, ताक, लिंबू, तेल किती लागतं आणि माती कुठल्या ओढ्याची, हे तुमच्याशिवाय आता कुणाला माहीत आहे? वर्षातून एकदा, यात्रेच्या आधी चार दिवस, मातीवरच्या कुस्त्या का होऊ नयेत? पैसे मी पाठवतो. पण प्रमाण तुम्ही लिहून पाठवा, पाटीच्या मापात, फोनवर नको.

सोबत एक चकती ठेवली आहे, म्हातारबांच्या पडवीतली, गेल्या उन्हाळ्यात तळ्याकाठी सापडलेली. धाकट्याला द्या, पण काचेपासून लांब खेळ म्हणावं. आईला नमस्कार. लोकरीचे मोजे पोचले, दोन्ही जोड एकावर एक घालतोय.

तुमचा,
बापू