पोथ्या गोळा करणारा कारकून

संपादक महोदय,

लोकसाहित्य जपणाऱ्यांबद्दल आपल्या पेपरात अधूनमधून येतं, त्यात बांगलादेशातल्या चितगावच्या अब्दुल करीम साहित्यविशारदांवर एकदा तरी लेख द्याच ही मनापासून विनंती. आपल्याकडे राजवाडे कागदपत्रांसाठी गावोगाव फिरले तसाच हा माणूस, जन्म १८७१ चा, पटिया भागातला, नोकरी शाळेत मास्तरकी नाहीतर सरकारी ऑफिसात कारकुनी, आणि उरलेल्या वेळात खेड्यापाड्यांतून हाताने लिहिलेल्या जुन्या बंगाली पोथ्या शोधायच्या. जुन्या पोथ्या हव्यात अशी पेपरात जाहिरात दिली त्या भानगडीत कमिशनर ऑफिसातली नोकरी गेली, तरी छंद सोडला नाही! काही हिंदू घरांत पोथीची पूजा व्हायची, मुसलमानाने हात लावलेला चालायचा नाही, मग हे दाराशी बसायचे, घरातला माणूस एकेक पान धरून दाखवायचा आणि हे टिपून घ्यायचे. किती चिकाटी लागते याला.

दोन हजारांच्या आसपास पोथ्या जमवल्या, हिंदू मुसलमान दोन्ही कवींच्या. आराकानच्या (आता म्यानमारमध्ये) राजदरबारातले बंगाली कवी, अलाओल वगैरे, यांच्यावर १९३५ मध्ये अभ्यासक एनामुल हक यांच्यासोबत पुस्तक काढलं, चितगावचा इतिहासही लिहिला. आणि शेवटी हे सगळं धन विकलं नाही हो, मुसलमान कवींच्या पोथ्या ढाका विद्यापीठाला आणि हिंदू कवींच्या राजशाही शहरातल्या वरेंद्र म्युझियमला देऊन टाकल्या. १९५३ मध्ये गेले. रविवार पुरवणीत अर्धं पान तरी द्या त्यांना.

– एक नियमित वाचक, सोलापूर