त्या ‘न. पै.’साठी

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

प्रबंध मान्य झाल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्ही ‘बरं झालं, पेढे आण’ एवढंच म्हणालात आणि वाचनालयाच्या काउंटरवर कुणी आलं म्हणून फोन ठेवलात. आभार राहूनच गेले. ते चारचौघांत मानतेय, कारण संदर्भसूचीपाशी अडलेले माझ्यासारखे बरेच असणार.

हादग्याच्या गाण्यांची ती पुस्तिका घेऊन मी तुमच्या टेबलाशी आले, तेव्हा तिला मुखपृष्ठ नव्हतं, पहिली चार पानंही नव्हती. पानांच्या माथ्यावर छापलेलं होतं म्हणून निदान नाव तरी कळत होतं. माझ्या टिपणात मात्र सगळं ठाकठीक: प्रकाशनस्थळ पुणे, साल १९३५. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. ‘हे पस्तीस कुठून आणलंस?’

एका जुन्या प्रबंधातून उचललं होतं. त्यात ते कुठून आलं, देव जाणे. सूचीत रिकामी जागा दिसली की आम्हाला कसंनुसं होतं, काहीतरी भरून टाकावंसं वाटतं.

तुम्ही थेट शेवटचं पान उघडलंत. तिथे दुसऱ्या एका पुस्तकाची जाहिरात, ‘किं. ४० न. पै.’ मी ती दहादा पाहिली होती, वाचली नव्हती. ‘अगं, नवे पैसे! १ एप्रिल १९५७च्या आधी आणे होते. पस्तीस साली नवे पैसे कुठले?’ १९६४ मध्ये पैशाच्या मागचं ‘नवे’ गेलं, म्हणजे सात वर्षांची चौकट हाती आली. मग मलाही चेव आला. ‘केलें’, ‘गाणीं’ अशी टिंबं दाखवून मी म्हणाले, ही १९६२च्या नव्या लेखननियमांआधीची! तुम्ही हसलात. ‘नियम आले म्हणून सगळ्या छापखान्यांनी दुसऱ्या दिवशी टिंबं काढली का? त्यावर भिस्त नको.’

आणि वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेलं जुनं दाखल रजिस्टर माळ्यावरून उतरवलंत. पुस्तिकेवरच्या शिक्क्यातल्या दाखल क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे पुसलेले. दोन दुपारी आपण ओळीओळीवरून बोट फिरवत बसलो. तुमचा डबाही त्यातच निवला. सापडलं: मार्च १९६१, देणगी, किंमतीच्या रकान्यात आडवी रेघ.

तळाची मुद्रकाची ओळ कसरीनं खाल्ली होती, ‘पुणे २’ तेवढं उरलेलं. मी लगेच प्रकाशनस्थळ पुणे लिहायला घेतलं. ‘ते छापखान्याचं गाव. प्रकाशक साताऱ्याचा असला तर?’ तेव्हाच कळलं की १८६७च्या कायद्यानं मुद्रक-प्रकाशकाचं नाव-गाव छापणं सक्तीचं केलं होतं, पण पुस्तकावर साल छापलंच पाहिजे असं त्या कलमात नव्हतं. इतक्या जुन्या पुस्तकांवर साल का नसतं, हे कोडं मला तोवर आमच्या लोकांच्या आळसाचंच वाटत होतं.

‘एन. डी. (नो डेट) लिहून मोकळी हो,’ असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. इंग्रजी पद्धतीत ते चालतं, चूकही नाही. पण मला ते अर्धवट वाटतं: साल छापलेलं नाही एवढंच त्यातून कळतं, आपल्याला जे कळलंय ते त्यात बुडून जातं. शेवटी नोंद अशी झाली: ‘प्रकाशक व प्रकाशनस्थळ अज्ञात, मुद्रण पुणे, [१९५७–६१].’ चौकटी कंसातलं पुस्तकात छापलेलं नाही, आपण काढलेलं आहे. कशावरून काढलं, ते तळटीपेत. ती नोंदीच्या तिप्पट लांब झाली.

एक सांगायचं राहिलं होतं. पस्तीस सालाच्या भरवशावर मी ‘हा सर्वांत जुना छापील संग्रह’ म्हणून दोन पानं रंगवली होती. ती काढावी लागली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? चांगली जमली होती हो. पण तोंडी परीक्षेत बहिःस्थ परीक्षक नेमके त्या तळटीपेवर थांबले आणि विचारलं, ‘ते रजिस्टर अजून आहे?’ बाकी प्रबंधाबद्दल त्यांनी इतक्या उत्सुकतेनं काहीच विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी पेढे घेऊन येतेय. सोबत वाचनालयासाठी प्रबंधाची प्रत आहे. दाखल करून घ्या, आणि शिक्का जरा दाबून मारा, आकडे नीट उमटू देत.

तुमची,
दोन दुपारी रजिस्टर चाळणारी