सूट कायद्यात, फॉर्म माझ्याकडे

माननीय संपादक,
स. न.

युरोपच्या एआय कायद्यावरील आपल्या लेखात ओपन सोर्सला, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना वापरायला-बदलायला खुला असतो अशा सॉफ्टवेअरला, मोकळे रान मिळाल्याचा सूर होता. त्या रानात मी गेली सात वर्षे राहतो, म्हणून हे पत्र.

नोकरी सांभाळून रात्री मी एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचा तयार कोड, लिहितो. तिचे काम एवढेच की पीडीएफमधला मजकूर योग्य क्रमाने बाहेर काढायचा. पान दोन रकान्यांचे असले की साधे प्रोग्राम डावीकडून उजवीकडे सरळ वाचत सुटतात आणि ‘२०११ ते २०१४, कनिष्ठ लेखापाल’ याला शेजारच्या रकान्यातले ‘पोहणे, बुद्धिबळ’ येऊन चिकटते. माझ्या लायब्ररीतले इवलेसे मॉडेल मोकळी जागा कुठे आहे ते पाहून रकाने वेगळे करते. कोड एमआयटी परवान्याखाली आहे. कोणीही घ्यावा, कुठेही वापरावा. हमी मात्र कसलीही नाही, हे परवान्यातच लिहिलेले असते.

मागच्या वर्षी एका कंपनीची मेल आली. नोकरीसाठी आलेले अर्ज चाळणाऱ्या त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये माझी लायब्ररी बसवलेली आहे, हे मला तेव्हाच कळले. सोबत ६२ प्रश्नांची एक्सेल आणि दहा दिवसांची मुदत. ‘आपली प्रणाली स्त्रियांबाबत भेदभाव करते का?’ ‘मानवी देखरेखीची व्यवस्था काय?’ माझ्या कोडला स्त्री-पुरुष कळत नाहीत, पांढरी जागा तेवढी कळते. आणि देखरेख म्हणाल तर ती मीच करतो, मुले झोपल्यावर.

चेष्टा बाजूला ठेवतो. रकाना चुकला तर एखाद्या उमेदवाराचा तीन वर्षांचा अनुभव गायब होईल आणि अर्ज बाद होईल. तेव्हा माझ्या कोडमुळे कुणाचे नुकसान होऊच शकत नाही, असे मी म्हणणार नाही. पण ते दिसणार कोणाला? अर्ज ज्याच्याकडे आले आणि किती गुणांच्या खाली बाद करायचे हे ज्याने ठरवले, त्यालाच. माझ्यापर्यंत त्यातला एकही अर्ज येत नाही.

१ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आलेला हा कायदा खरे तर हेच धरून चालतो. नोकरभरतीतली चाळणी ‘उच्च जोखीम’ गटात येते आणि अशी प्रणाली ओपन सोर्स असली तरी तिला सूट नाही. मग मोकळे रान उरले कुठे? अशा प्रणालीला सुटे भाग पुरवणाऱ्यांनी लेखी कराराने माहिती द्यावी, असे कलम २५ सांगते. मात्र मुक्त परवान्याखाली असे भाग सर्वांना खुले करणाऱ्यांना त्यातून वगळले आहे. ते कलम मी उत्तरात जसेच्या तसे चिकटवले.

दोन दिवसांत त्यांचा निरोप आला: मग आम्ही सपोर्टचे वर्षाला पैसे देतो, तुम्ही फॉर्म भरा.

खरी गोम इथे आहे. कायद्याच्या प्रास्ताविकातला १०३ क्रमांकाचा परिच्छेद म्हणतो की घटक किंमत घेऊन दिला, किंवा तांत्रिक मदतीसारख्या सेवेतून त्यावर पैसे मिळवले, तर ओपन सोर्सची सवलत मिळू नये. अगदी छोट्या उद्योगांचे आपसातले व्यवहार तेवढे वगळले आहेत. प्रास्ताविक म्हणजे कलम नव्हे, पण वकील मंडळी बोट तिथेच ठेवतात. म्हणजे फुकट राबलो तर मला सूट, आणि चूक दुरुस्त करण्याचे चार पैसे घेतले की मी पुरवठादार! एखादी वस्तू विकणे आणि सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या वस्तूची डागडुजी करून मेहनताना घेणे, यांत फरक करायलाच हवा. मी नकार कळवला.

मोठ्या मॉडेलांची गोष्ट वेगळी आहे. प्रशिक्षणाला १० च्या २५ व्या घाताहून अधिक गणिती क्रिया लागल्या तर मॉडेल व्यापक जोखमीचे धरले जाते, आणि मग ते खुले असले तरी सूट जाते. ते ठीकच आहे. पण आपल्या लेखात फेसबुकवाल्या मेटाचे लामा हे मोठे मॉडेल आणि आमच्यासारखे एका ओळीत बसवले होते, ते खटकले. लामा ४ च्या परवान्यानुसार महिन्याला ७० कोटींहून अधिक वापरकर्ते असलेल्या कंपनीला मेटाची वेगळी परवानगी लागते, आणि युरोपीय संघात राहणाऱ्यांना तर त्या मॉडेलचे हक्कच दिलेले नाहीत. लामाचा परवाना ओपन सोर्स नाही, असे ओपन सोर्सची व्याख्या सांभाळणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने स्पष्ट म्हटले आहे. माझ्या परवान्यात अशी एकही अट सापडणार नाही.

त्या कंपनीने पुढे लायब्ररी काढून टाकली असेल, असे मला वाटले होते. गेल्या महिन्यात तिच्याच एका अभियंत्याने चूक नोंदवली: दोन रकान्यांचे पान सरळ वाचले जाते. आवृत्ती पाहिली. ती चूक मी दोन वर्षांपूर्वीच दुरुस्त केली आहे.

आपला,
एक सॉफ्टवेअर अभियंता